अर्धे रिकामे ठेवायचे टब

मी, शीला मल्हारराव वाघमोडे, वय सेहेचाळीस, अविवाहित, कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत नोकरीला, राहणार पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. बुद्धी शाबूत आहे. अशा कागदात "शांत मनाने" असेही लिहितात. ते मी लिहिले होते आणि खोडले, कारण ते खरे नाही.

येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. डॉक्टरांना काळजी वाटत नाही, असे ते म्हणतात. वकिलांनी मात्र सांगितले की मी काही न लिहिता गेले, तर आईवडील हयात नसल्याने माझे सर्व काही माझा धाकटा भाऊ हनुमान याच्याकडे जाईल. ते तसे जाऊ नये म्हणून हा कागद.

१. मिळकत. वडिलांनी हयातीतच नोंदणीकृत बक्षीसपत्राने या घराचा वरचा मजला आणि गच्ची यांचा हक्क माझ्या नावे केला. वरचे बांधकाम माझ्या पगारातून झाले. खालचा मजला हनुमानचा आहे, त्यावर माझा दावा नाही. पाचोडच्या शेतावरही नाही. वडील गेल्यावर त्याने पुढे केलेल्या हक्कसोडपत्रावर मी सही केली, कारण आमच्यात बहिणीने ती करायची असते. बदल्यात दिवाळीला साडीचोळी येते. पहिल्या वर्षी आली होती.

२. मजल्याची व्यवस्था सांगण्याआधी कारण लिहिणे भाग आहे. कारण न लिहिता कोणाला वगळणे मला अन्यायाचे वाटते. कारण लिहिणेही कदाचित अन्यायाचेच असेल.

आमची आई बानाबाई मूत्रपिंडाच्या आजारामुळे शेवटची दोन वर्षे वर माझ्याजवळ होती. खाली राहिली असती तर जिना चढावा लागला नसता, तरी ती वर राहिली. ते का, हे खालच्यांनी स्वतःला विचारावे.

त्याच सुमारास मी गच्चीवर बिनमातीची भाजी सुरू केली. कुंड्या करून पाहिल्या होत्या, पण आपल्याकडे नळ आठवड्याने येतो आणि गच्चीवरची माती दुसऱ्या दिवशी भेगाळते. या पद्धतीत मोटार नाही, वीज नाही. काळा टब घ्यायचा, त्यात खत विरघळवलेले पाणी एकदाच भरायचे, झाकणाला भोके पाडून त्यांत जाळीचे पेले बसवायचे, पेल्यात नारळाचा भुसा आणि रोप. सुरुवातीला पाणी पेल्याच्या बुडाला लागते. रोप पाणी पिते तशी पातळी उतरते, आणि वर जी मोकळी जागा पडते तिथे हवेत श्वास घेणारी मुळे फुटतात. ती रिकामी जागा भरायची नाही. सगळी कला एवढीच.

आईचा विश्वास बसला नव्हता. "पाण्यात मेथी? मुळ्या सडतील की गं." पंधरवड्याने मी झाकण उचलून दाखवले, तेव्हा ती वाकून बघत राहिली. तिचे लहानपण मेंढरांमागे गेले होते. म्हणाली, "मेंढरू पाण्यावर नेलं की पितं आन् मान वर काढतं. मान काढायला जागा नसली तर बुडतं. तुझी झाडं तसलीच हाईत." नंतर ती स्वतःच सकाळी गच्चीवर बसून कोथिंबीर निवडत असे. मला आठवणाऱ्या चांगल्या सकाळी त्या आहेत.

आई कार्तिकात गेली. तेराव्याला पंगत बसली असताना हनुमान सगळ्या सोयऱ्यांसमोर म्हणाला, "आमच्या आईला आजारानं नाय नेलं. अक्कानं दोन वर्षं औषधाच्या पाण्यातली भाजी घातली, त्यानं नेलं."

मी वाढत होते. पाचोडचे माझे सख्खे मामा पुंजाराम पहिल्या पानावर होते. ते म्हणाले, "भात वाढा." मी भात वाढला.

३. या आरोपाबद्दल मी जे केले ते नोंदवते. खताची पाकिटे घेऊन मी आईच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सगळे विचारून घेतले. पालक तिला वर्ज्य होता, तो मी कधीच दिला नव्हता. मेथी त्यांनी सांगितली होती तशीच, उकळून, ते पाणी फेकून देऊन, कधीतरी चवीपुरती. डॉक्टर म्हणाले, "ताई, हीच मेथी तुम्ही मंडईतून आणली असती तर भावाने मंडईवाल्याला धरलं असतं का?" या पाण्यात नत्र, स्फुरद, पालाश असते. पाचोडला हनुमान कपाशीला गोण्यांनी टाकतो तेच, चमच्याने.

हे मी त्याला खाली जाऊन सांगितले. तो म्हणाला, "डॉक्टर तुझ्याच बाजूनं बोलणार. शिकलेले सगळे एक."

दुःखात माणूस बोलून जातो, हे मला समजते. कित्येक दिवस मी स्वतःला तेच समजावले. पण दुःख ओसरले तरी वाक्य राहिले. गल्लीतल्या ज्या बायका माझी मेथी मागून न्यायच्या, त्या आता किराणा दुकानात विचारतात, "ते केमिकलचं अजून करता का हो?" आणि माझ्याच मनात, आईचा फोटो पुसताना, एक प्रश्न येतो ज्याचे उत्तर डॉक्टरांनी दिलेले आहे. तो तरीही येतो. हे नुकसान कोणत्या कलमात घालायचे ते वकिलांनाही सांगता आले नाही.

४. चैत्रात मला तपासणीसाठी चार दिवस दवाखान्यात ठेवले. किल्ली मी हनुमानच्या बायकोकडे, सुरेखाकडे दिली.

"झाडांचं काय करायचं, वन्सं?" तिने विचारले.

"काही नाही."

"म्हणजे पाणी..."

"अजिबात नाही. बघायचं आणि खाली यायचं."

मधेच नळाचा दिवस आला. हनुमानने तिच्याकडून किल्ली घेतली, पाइप वर नेला आणि सगळे टब काठोकाठ भरले. मी परतले तेव्हा भर उन्हाळ्यात पाण्यात उभा असलेला पालक, पुदिना, मेथी, सगळे माना टाकून पडले होते. मुळे तपकिरी, बुळबुळीत. जिन्यापर्यंत वास.

प्रत्येक झाकणावर मी पांढऱ्या रंगाने लिहिले आहे: वरून पाणी घालू नये.

"ते मला वाटलं कामवालीसाठी लिहिलंय," तो म्हणाला. "अर्धे रिकामे दिसले म्हणून भरले. आमच्या टाकीतलं पाणी घातलं, अक्का. पोरीची आंघोळ चुकवून. आन् वर तूच डोळे वटारती?"

इथे मी फार विचार केला आहे. आमच्या घरात नळ आला की तांब्यासुद्धा रिकामा ठेवत नसत. अर्धी बादली दिसली तर वडील ओरडत. त्या घरात वाढलेल्या माणसाला अर्धा टब म्हणजे कोणाचा तरी आळस वाटणार. या शहरात स्वतःच्या टाकीतले पाणी दुसऱ्याला देणे ही लहान गोष्ट नाही. तेव्हा ते कदाचित प्रेम असेल. आणि ज्या झाडांनी आईला मारले असे तो म्हणतो, त्यांना मारायला पाइपाइतके सोपे हत्यार नाही. तेव्हा ते कदाचित प्रेम नसेल. मी ठरवू शकले नाही.

मग वाटले, ठरवायची गरज नाही. द्वेष असेल तर मजला देण्याचा प्रश्न नाही. प्रेम असेल तर ते लिहिलेले न वाचणारे, न विचारता भरणारे प्रेम आहे, आणि त्याच्या हाती मी माझी जागा देणार नाही.

५. म्हणून वरचा मजला आणि गच्ची मी सुरेखा हनुमान वाघमोडे हिला, तिच्या एकटीच्या नावाने, पूर्ण मालकीने देत आहे. नवऱ्याचा, मुलांचा त्यावर हक्क राहणार नाही. ती माझ्या बाजूने कधी उभी राहिली म्हणून नव्हे. ती कोणाच्याच बाजूने उभी राहत नाही. तेराव्यानंतर आठवड्याने ती वर आली.

"वन्सं, थोडी कोथिंबीर खुडू का?"

"तुमच्या घरात ते विष आहे ना?"

"ते यांचं झालं. पोह्यावर असं कितीसं लागतं?"

मला हसू आले, आणि हसू आल्याचा रागही आला. पण तिने विचारले होते. प्रत्येक वेळी विचारले. या घरात मला विचारून काही नेणारी ती एकटीच आहे. आता हनुमानला गच्चीवर जायचे तर त्याने बायकोला विचारावे.

६. टब, जाळीचे पेले, खताची पाकिटे आणि लहान तराजू सुरेखाची मुलगी अपेक्षा हिला. तिने लावलेच पाहिजे असे नाही. भंगारात घातले तरी चालेल, फक्त त्यांत पाणी साठवू नये. बँकेतील शिल्लक दवाखान्याचा खर्च जाऊन उरली तर तिच्या शिक्षणाला. माझ्या रोजनिश्या न वाचता रद्दीत घालाव्या. त्यांत नळाचे दिवस आणि पानांचे रंग आहेत, शिवाय इतरांबद्दल काही मते, जी मी पुढच्याच पानावर बदललेली आहेत.

७. आईची घोंगडी हनुमानला. ती मी देत नाही, ती त्याचीच आहे. लहानपणी तो तिच्यातच झोपायचा.

८. पहिल्या मसुद्यात एक अट होती: माझ्या तेराव्याला हनुमानने त्याच सोयऱ्यांसमोर उभे राहून म्हणावे की आई अक्काच्या भाजीने गेली नाही, म्हणजे मजल्याचा अर्धा हिस्सा त्याचा. ते कलम मी काढून टाकले. तो म्हणाला असता. मजल्यासाठी म्हणाला असता, सगळ्यांनी माना डोलावल्या असत्या, आणि ते वाक्य खरे होते की नाही हे ऐकायला मी नसते. मला ते फुकट हवे होते आणि जिवंतपणी. गुरुवारपर्यंत तो जिना चढून आला तर हा कागद मी फाडीन. मी त्याला बोलावणार नाही.

९. व्यवस्थापक म्हणून माझे सहकारी सम्यक साळवे यांना नेमते.

हे शेवटचे कलम साक्षीदार समोर बसले असताना लिहीत आहे. मामांना मी मुद्दाम पाचोडहून बोलावले. म्हटले, "मामा, आधी वाचून घ्या."

"चष्मा नाय आणला."

"मी वाचून दाखवते."

"कशाला बाई? कलम-बिलम आपल्याला काय कळतंय. सही कुठं करू तेवढं दाव."

"यात आईच्या तेराव्याचं लिहिलंय. तुम्ही तिथं होता."

मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "हनुमान काय, तू काय, मला दोन्ही डोळे सारखेच," ते म्हणाले.

दुसरे साक्षीदार साळवे यांनी खुलासा केला की साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे कायद्यात नाही. लिहिणाऱ्याने सही त्याच्या डोळ्यांदेखत केली एवढे पुरे.

"बघ," मामा म्हणाले, "कायदाबी तेच म्हणतो."

म्हणून नोंदवते की साक्षीदार क्रमांक एक यांनी हे मृत्युपत्र वाचलेले नाही. वाचून दाखवायची माझी तयारी होती. त्यांनी चहा घेतला आणि पेन मागितले.

लिहून ठेवणार:
(सही) शीला मल्हारराव वाघमोडे

वरील सही आमच्या समक्ष झाली:
१. (सही) पुंजाराम कडूबा गावडे, रा. पाचोड, ता. पैठण
२. (सही) सम्यक साळवे, रा. छत्रपती संभाजीनगर

स्थळ: पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
दिनांक: १४ जून २०२५