वरून ऊस कसा दिसतो

काष्टी, ता. श्रीगोंदा
गुरुवार, दि. ८ जानेवारी २०२६

ती. दादा,

नमस्कार. खुशालीचं आधी लिहायचं असतं, म्हणून तेच आधी लिहिते. आईची तब्येत बरी आहे. थंडीने गुडघे धरतात, पण शनिवारी बाजाराला स्वतः चालत गेली. मोठी गाय या महिन्यात व्यायची आहे. दारातला शेवगा वाऱ्याने पडला होता, त्याला बुंध्यातून फुटवा आला आहे. मी चार-पाच दिवसांची सुट्टी काढून घरी आले आहे. तू फोन उचलत नाहीस आणि मेसेजला नुसता अंगठा पाठवतोस, म्हणून पत्र. सुप्याच्या खोलीचा पत्ता आईकडून घेतला.

मुख्य काम असं आहे. सोमवारी ऊसतोडीची टोळी आपल्या विहिरीवरच्या खोडव्याच्या उसाला लागणार आहे. मुकादम येऊन सांगून गेला. पहिला कोयता घरच्या कर्त्या माणसाने लावायचा, ही आपली रीत तुला माहीत आहे. आई म्हणते, "सुनील आल्याबगर कोयता लावायचा न्हाई."

पुंजाराम काका म्हणाले, "वहिनी, टोळी काय आपल्या दारात बसून ऱ्हाणार हाय का? एकदा फुडं गेली की मार्चबिगर फिरत न्हाई. मी लावतो की."

"गेल्या साली तुमीच लावला, भावजी. मी काय बोलले का? औंदा न्हाई."

काका चहा पिऊन उठले. त्यानंतर दोघंही त्यावर बोललेले नाहीत. टोळी पुढे गेली तर ऊस उभाच वाळेल, हे आईला काय कळत नाही? पण ती ऐकत नाही.

मी विमान शिकते, हे तुझ्यापर्यंत आलं असेलच. गावात सगळ्यांना माहीत आहे. फक्त त्याला इंजिन नसतं, हे कोणाला पटत नाही. हडपसरला आमच्या माती तपासणीच्या प्रयोगशाळेपासून जवळच ते मैदान आहे. लांबच्या टोकाला एक यंत्र तार ओढून घेतं, विमान पतंगासारखं वर जातं, मग तार सोडून द्यायची. त्यानंतर फक्त वारा. पाच-सहा मिनिटांत खाली. उतरल्यावर सगळ्यांनी मिळून ते ढकलत परत आणायचं. मी रविवारी जाते. त्यातून नोकरी मिळत नाही, हौस म्हणून शिकतात.

आईला हे सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. म्हणाली, "इंजन न्हाई? मग उतरतं कसं?"

म्हटलं, "उतरतं आपोआप. चढायलाच दुसरं कोणीतरी लागतं."

"व्हय, मग बाईमाणसागतच हाय की," असं म्हणून तिने भाकरी उलटली.

शेजारच्या छबूबाई येऊन बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आता हिला पायलटाचंच स्थळ बघा. न्हाईतर नवरा बसायचा खाली, आन ही वर."

विमान शिकते म्हणून माझ्या जुन्या कॉलेजमध्ये माझा सत्कार झाला. मला बोलायला सांगितलं. मी घरातली पहिली पदवीधर, शेतकऱ्याची मुलगी, आकाश कोणाच्या सातबाऱ्यावर नसतं, असं बरंच बोलले. मुलींनी टाळ्या वाजवल्या. ते खोटं नव्हतं, दादा. मला खरंच वाटतं की पुढच्या बेंचावरच्या त्या मुलींपैकी एक तरी तिथे यावी. एक-दोघींना मी पत्ताही लिहून दिला. पण मी स्वतः त्यासाठी गेले नव्हते.

इथपर्यंत लिहून काल ठेवलं होतं. आज पुढचं लिहिते.

अप्पा गेले त्या ऑक्टोबरचं लिहावं लागेल. आपण दोघं त्यावर कधीच बोललो नाही. दिवसाची लाइट होती, म्हणून अप्पा उसाला पाणी द्यायला गेले. जेवायला आले नाहीत तेव्हा तू बांधावरून हाका मारल्यास. मोटार चालू होती आणि पाणी सरीतून फुटून ओढ्याला चाललं होतं. तू मोटार बंद केलीस. काका आले आणि म्हणाले, "आधी हीर बघा." आपल्याकडे माणूस दिसेनासा झाला की सगळे आधी विहिरीकडे धावतात. काकांच्या जागी कोणीही तेच म्हणालं असतं. निम्मं गाव कठड्याला उभं राहिलं. गळ टाकले. तू कमरेला दोर बांधून पुन्हा पुन्हा उतरलास.

मधेच लग्नाचं शूटिंग करणारा करण ड्रोनची पेटी घेऊन आला. मी तिथेच होते. तो म्हणाला, "दादा, वरनं एक चक्कर मारू का उसावर?" तू नुकताच वर आला होतास. दात वाजत होते. "थांब जरा. तळ बघू दे आधी," म्हणालास आणि परत उतरलास. मग अंधार पडला.

अप्पा सकाळी सापडले. विहिरीपासून हाकेच्या अंतरावर, उसाच्या मधोमध, सरीत कुशीवर. खोरं हाताशी होतं. ते तिथे किती वेळ जिवंत होते, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि आपणही विचारलं नाही.

दहाव्याला नदीवर कोणीतरी म्हणालं, "ड्रोन उडवला असता तर तवाच घावले असते. वरनं काय, तळहातागत दिसतं." कोण म्हणालं ते मला माहीत आहे, पण लिहीत नाही. तू तेव्हा डोकं भादरून दगडावर बसला होतास. तू मान वर केली नाहीस. पण त्या महिन्यातच तू सुप्याला गेलास, आणि वर्षश्राद्धालाही ताट वाढायच्या आधी निघालास.

ते वाक्य माझ्याही डोक्यात राहिलं. प्रयोगशाळेच्या गच्चीवर डबा खायला गेले की समोर ती पांढरी विमानं दिसायची, वर गेलेली, आवाज नसलेली. एक दिवस मी जाऊन नाव घातलं. तू म्हणशील, करणचाच ड्रोन उडवून बघायचा होता. पण मग करणला कारण सांगावं लागलं असतं आणि संध्याकाळपर्यंत ते स्टँडवर पोचलं असतं. शिवाय पडद्यावर बघून माझा विश्वास बसला नसता. मला डोळ्यांनी बघायचं होतं.

पण तिथे पहिल्या दिवसापासून शिकवणारे सर मागच्या सीटवरून एकच सांगत, "खाली बघू नकोस. समोर बघ." समोरच्या काचेवर बाहेरून लोकरीचा एक बारीक दोरा चिकटवलेला असतो. तो सरळ राहिला, म्हणजे विमान नीट चाललं आहे. मी महिनोन्‌महिने तो दोरा बघितला. खाली काय आहे ते मला दिसलंच नाही. उतरल्यावर सर विचारत, "कसं वाटलं?" मी म्हणे, "बरं." एकदा ते म्हणाले, "अगं, इथे लोक ओरडतात, रडतात. तू बँकेत पासबुक भरून आल्यासारखी उतरतेस." सगळे हसले. मीही हसले. पण मला खरंच काही वाटत नव्हतं. 

डिसेंबरात सरांनी मला एकटीला सोडलं. मागची सीट रिकामी होती. तार सुटली आणि खाली बघू नकोस म्हणणारं कोणी उरलं नाही. तरी मी नेमाप्रमाणे सगळं केलं. परत येताना मांजरीच्या बाजूला वळावं लागतं. तिकडे अजून थोडा ऊस आहे. तिथे विमान इतकं खाली आलेलं असतं की माणसाची टोपी ओळखू येते. करणचा ड्रोनही तेवढ्याच उंचीवरून फिरला असता.

बांधावर एक म्हातारा होता. पांढरं धोतर, पांढरी टोपी, खांद्यावर खोरं. तो बांधावरून उसात शिरला. पाणीच बघायला गेला असणार. दोन पावलं, आणि नाहीसा. उसाचं पातं हललं, परत मिटलं. तो कुठून शिरला ते मला माहीत होतं. मी तिथेच बघत होते. दोरा एका बाजूला गेला, तरी मी नजर काढली नाही. तो आत जिवंत होता, चालत होता, पांढऱ्या कपड्यांत होता. मला दिसला नाही, दादा. वरून ऊस म्हणजे एक झाकण आहे. सरी दिसत नाही, वाट दिसत नाही, काही दिसत नाही.

मग मी दोरा सरळ केला आणि उतरले. थोडी आपटले. पहिल्यांदा एकट्याने उडालं की अंगावर बादलीभर पाणी ओततात. तसं ओतलं. फोटो काढले. त्यातला एक आईने कपाटाला लावला आहे. त्यात मी हसते आहे.

आता जे टाळत होते ते लिहिते. मी तुझी बाजू घ्यायला वर गेले नव्हते. वरून दिसतं का, एवढंच मला बघायचं होतं. दिसलं असतं, तर हे पत्र तुला आलं नसतं. सोमवारी काकांनी कोयता लावला असता आणि आईची समजूत मी काढली असती. हे वाचून तुला वाईट वाटेल. पण हे लपवून बाकीचं सांगितलं असतं, तर ते तुला खरं वाटलं नसतं.

तू करणला हो म्हणाला असतास, तरी अप्पा त्या संध्याकाळी सापडले नसते.

याने मला हलकं वाटेल असं मी धरून चालले होते. तसं काही झालं नाही. बघितलं, आणि आता माहीत आहे, इतकंच. आईला अजून सांगितलेलं नाही. तिने कधी विचारलंही नाही. तिला फक्त तू हवा आहेस.

मी पुढेही रविवारी तिथे जाणार आहे. का, ते मला अजून सांगता येत नाही.

हे पत्र टपालात घालणार नाही, सोमवारच्या आत पोचायचं नाही. दुधाच्या टेम्पोवरचा भीमा उद्या सुप्यावरून जाणार आहे, त्याच्याकडे देते.

माझा तुझ्यावर लोभ आहे का, असं कोणी विचारलं तर आज मला उत्तर देता येणार नाही. पण टोळी आली की मी बांधावर उभी असेन, आणि कोयता तुझ्याच हातात द्यायचा, असं माझं ठरलं आहे.

तुझी बहीण,
निकिता