पहिला नंबर कुणालाच नाही

अण्णा, यंदा आपल्या कॉलनीच्या कविता स्पर्धेची परीक्षक मी होते. तुमच्या जागेवर सून बसली, हे तुम्हाला कितपत रुचलं असतं कोण जाणे. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी सातपूरच्या आपल्या गल्लीत कविता म्हटलं की लोकांना अजून तुमचीच धास्ती वाटते. त्या दिवशी जे झालं ते तुम्हालाच सांगायला हवं, कारण घरात त्यावरून सध्या तोंड उघडायची सोय नाही.

तुम्ही मला बघायला येवल्याला आलात, तेव्हापासूनच मी तुम्हाला घाबरत आले. पोहे झाल्यावर माझ्या वडिलांनी मोठ्या अभिमानानं सांगितलं, "मुलगी कविता करते हं." तुमचा मुलगा कौतुकानं बघायला लागला. तुम्ही मात्र बशी खाली ठेवलीत आणि म्हणालात, "म्हणून दाखव." मी पैठणीवरची माझी कविता म्हटली. तुम्ही डोळे मिटून ऐकलीत, आणि ती संपल्या संपल्या एक जुना अभंग गायला लागलात. काय आवाज होता तुमचा! माझी आई दारात उभी राहून पदरानं डोळे पुसतेय, शेजारची मंडळी खिडकीशी जमलीत, आणि मी चहाचा ट्रे धरून तशीच. अभंग संपल्यावर तुम्ही मला विचारलंत, "आता तुझी आठवते का?" मला खरंच आठवेना. तसं मी सांगितलं. वडिलांचा चेहरा पडला, स्थळ हातचं गेलंच म्हणून. तुम्ही उठलात आणि म्हणालात, "मुलगी खरं बोलते. आम्हाला पसंत आहे."

तीच तुमची कसोटी. नवी कविता ऐकायची, लगेच जुनी एखादी म्हणायची, आणि मग बघायचं, नवीतलं काही शिल्लक राहिलंय का. कंपनीतून निवृत्त झालात आणि मंडळानं तुम्हाला स्पर्धेचं परीक्षक केलं, तेव्हा हीच कसोटी तुम्ही अख्ख्या कॉलनीला लावलीत. निवृत्त मास्तर, नवी लग्नं झालेल्या मुली, शिफ्ट संपवून तसेच आलेले कामगार, सगळे कविता वाचायचे, आणि तुम्ही प्रत्येकाच्या मागोमाग अभंग लावायचात. लोकांना कार्यक्रम फार आवडायचा. वाचणाऱ्यांना सोडून. शेवटी निकाल ठरलेला: दुसरा नंबर अमुक, तिसरा तमुक, पहिला नंबर कुणालाच नाही. विजेत्याची लाकडी ढाल वर्षानुवर्षं आपल्याच घरी पडून. मंडळाचे सेक्रेटरी एकदा हात जोडून म्हणाले, "अण्णा, द्या ना आता कुणाला तरी. ढालीला वाळवी लागेल." तुम्ही म्हणालात, "लागू दे. वाळवीला तरी जुन्या लाकडाची चव कळते."

त्या वर्षी दुसरा नंबर माझा होता. मी चिडून आठवडाभर तुमच्याशी कामापुरतंच बोलले. मग एका सकाळी तुम्ही स्वयंपाकघरात चहा मागायला आलात आणि मी लाटणं खाली ठेवून म्हटलं, "अण्णा, तुमची कसोटी खोटी आहे. अभंग तुम्ही गाता, आणि आमच्या कविता वीजबिल वाचल्यासारख्या वाचता. उलटं करून बघा की." आई मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी मानही वर केली नाही. तुम्ही मात्र हरखलात. आव्हान दिलं की तुम्हाला चहाचीही आठवण राहायची नाही. "आण तुझी कविता," म्हणालात.

आणि तुम्ही ती गायलात. अगदी मनापासून, कुठे लबाडी न करता. पहिली ओळ झाली, दुसरी झाली, तिसऱ्या ओळीला तुम्हाला खोकल्याची उबळ आली. पाणी प्यायलात, पुन्हा सुरू केलंत, पुन्हा तिथेच उबळ. मग अभंग घेतलात, वीजबिलासारखा. एक ओळ सपाट गेली. दुसरीला आवाज जरा चढला. तिसरीला तुम्ही गातच होतात, तुमच्याही नकळत. थांबलात आणि जरा ओशाळून म्हणालात, "मला नाही जमत गं सपाट म्हणायला. शब्दच उचलून नेतात." मग माझ्या कागदावर बोट ठेवलंत. "आणि इथे श्वास कुठे घ्यायचा, ते लिहायचं राहिलंय तुझं." मला रडूही येत होतं आणि हसूही. तेवढ्यात आई म्हणाल्या, "झालं का तुमचं? पोळी जळली." पोळी खरंच जळली होती.

तर यंदाचं. कुणाची ओळख दिसू नये म्हणून मंडळानं कागदांवर नावांऐवजी नुसते आकडे टाकले होते. दुपारभर मी एकेक वाचत होते आणि मनातल्या मनात मागोमाग अभंग म्हणत होते. बहुतेक कविता मोबाइलनंच लिहून दिल्यासारख्या, सगळ्यांत आई चंदनासारखी झिजलेली. एकही टिकेना. सेक्रेटरी, तेच ते, आता काठी टेकत येतात, सारखे डोकावून जात होते. "ताई, यंदा पहिला नंबर लागेल ना?" मग एक कागद हाती आला. त्यात होतं:

तुम्ही गेल्यापासून भाजीत मीठ नेमकं पडतं,
आणि आता नावं ठेवायला कुणी नाही.

पुढेही होतं. घोरण्याबद्दल होतं, अंगणातल्या खुर्चीबद्दल होतं, आणि जन्मभर जुनंच ऐकवणाऱ्या नवऱ्याला रोज नवी भाजी करून घालणाऱ्या बाईबद्दल होतं. मी त्या कागदावर मोठ्ठा एक लिहिला.

संध्याकाळी सेक्रेटरींनी माइकवर आकडा पुकारला आणि मागच्या रांगेतून आपल्या आई उठल्या. शाल सावरत, गुडघा धरत. मांडवात टाळ्या झाल्या, आणि मग समोरच्या बंगल्यातल्या वहिनी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "वा! सासूला पहिला नंबर! घरच्या घरी!" आईंनी थेट माइक हातात घेतला. "सुनेनं सासूला पहिला नंबर दिलाय, तर कविता चांगलीच असणार," त्या म्हणाल्या, "नायतर कोण देतं?" मांडव असा हसला की वहिनींना पुढे बोलताच आलं नाही.

घरी मात्र तुमच्या मुलानं तोंड फुगवलं. त्याचं म्हणणं, माझ्यामुळे घरावर संशय आला. आई म्हणतात, घोरण्याची ओळ अजून जोरात लिहायला हवी होती. शेजारी विचारतात, खरंच माहीत नव्हतं का? मी सगळ्यांना ठणकावून सांगते की मुळीच नव्हतं, आकडेच होते ना कागदावर.

हे पत्र कुठे पाठवायचा प्रश्नच नाही, म्हणून तुम्हाला सांगते. मिठाच्या ओळीलाच मी आईंना ओळखलं होतं. आणि अण्णा, तेवढ्या एका कवितेनंतर मी अभंग म्हटलाच नाही. माझी छातीच झाली नाही.