बारदान वजा

१७ नोव्हेंबर

ही वही शीतलनं पोळ्याच्या सुमारास दिली होती. आज उघडली. रोज चार ओळी लिही दादा, म्हणजे तुला काय व्हायचंय ते तुझं तुला तरी कळेल, असं म्हणाली होती बहीण माझी. तेव्हापासून मी उद्यापासून लिहितो म्हणून राहिलो. जिममध्ये येणारी माणसं पण हेच म्हणतात, त्यामुळं लाज वाटली न्हाई.

तर आज मी वारंगा फाट्यावर आलो. वाघ फिटनेस. चकाचक आरसे, नवे डंबेल, बाहेर बोर्डावर वाघ, पण तो वाघ मांजरासारखा दिसतो. मालक भीमसिंग राठोड दिलदार माणूस. हात मिळवला तर माझी बोटं दुखली. मी सगळं सांगून टाकलं त्याला. पोलीस भरतीसाठी पळलो, गुडघा गेला. नांदेडला फ्लोअर ट्रेनर होतो, म्हणजे दुसऱ्यांनी टाकलेल्या प्लेटा उचलणारा. पुण्यात प्रोटीन पावडर विकायला होतो, पण गिऱ्हाइकाला फुटाणे खा म्हणालो आणि हाकललो गेलो. मग स्विमिंग पूलवर जीवरक्षक. मला विहिरीतलं पोहणं येतं, निळ्या पाण्यात तळ दिसतो त्याची भीती वाटते. मग झुम्बा. झुम्ब्याचं लिहीत न्हाई.

भीमसिंग हसला. म्हणाला, प्रज्ञेश सर, इथं सगळंच करा. कुणीतरी सर म्हणालं.

जागा आधी हळदीच्या आडतीची होती. भिंतीला अजून पिवळी झाक आहे, घाम आला की टॉवेल पिवळा होतो. मधोमध पोत्यांचा मोठा लोखंडी काटा फरशीत पक्का बसवलेला. काढायला गेले तर फरशी उखडायला लागली, म्हणून तसाच ठेवला. त्यावरच मेंबरांचं वजन करायचं. मला तर घरी आल्यासारखं वाटलं. आमचे बाबा वसमतच्या बाजारात, मोंढ्यात, मापाडी होते, पोती तोलून आकडा पुकारायचे. माझं बालपण अशाच काट्यावर गेलं.

जेवण आमच्या जनकाबाई मावशीच्या खानावळीत. मावशी म्हणाली, इथं तरी टिकशील का? वांग्याची भाजी अशी होती की मी उत्तर द्यायचं विसरलो.

२१ नोव्हेंबर

आज मजा झाली. मेडिकलवाला अनिरुद्ध वजन करायला आला. पोट असं की बूट दिसत न्हाईत, म्हणून बूट घालूनच काट्यावर चढला. काटा बघून तोंड पडलं त्याचं. मी मापाड्याचा पोरगा, तोंडातून आपसूक निघालं, बारदान वजा! आणि एक किलो कमी पुकारला.

मोंढ्यात पोत्याचं वजन मालातून कापतात, ते बारदान. इथं कपडे नि बूट हेच बारदान. सगळी जिम हसली. अनिरुद्ध म्हणाला, अरे वा, पहिला ट्रेनर असा भेटला जो पहिल्याच दिवशी किलो उतरवतो.

आता सगळेच म्हणून राहिलेत, सर आमचं पण बारदान कापा. कापतो. आपलं काय जातंय.

२९ नोव्हेंबर

वैताग.

मला वाटलं होतं इथं काहीतरी शिकवीन. पाठ सरळ कशी ठेवायची, श्वास कधी सोडायचा. कुणी मशीनला हात लावत न्हाई. येतात, काट्यावर उभे राहतात, बारदान कापून घेतात, आरशात सेल्फी काढतात, जातात. आणि तकलीफ ही की वजन खरंच उतरून राहिलंय. काल पुकारलेला आकडा आज काटा स्वतःच दाखवतो. अनिरुद्धची पँट सैल झाली. डाएट काय घेतलं विचारलं तर म्हणाला, रात्री तीन भाकरी नि मटण.

भीमसिंगनं बोर्ड बदलून आणला. वेट लॉस स्पेशालिस्ट प्रज्ञेश सर. फोटोत माझे दंड कुणा दुसऱ्याचे लावलेत. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा एखादं काम जमलं आणि त्यात माझं काम काहीच न्हाई. वैताग न येऊन काय होईल.

कळमनुरीहून जीपगाड्या भरून बायका येऊन राहिल्या.

३ डिसेंबर

शीतल आली. कुरुंद्याहून पिशवी घेऊन मावशीकडं राहायला. जानेवारीत तिचं हिंगोलीला पोलीस भरतीचं ग्राऊंड आहे. पळण्यात ती हरणासारखी, अडचण गोळाफेकीची. पण अंगानं मजबूत आहे, दंड बघून गावातली पोरं वाट सोडतात. मी तिला सांगून टाकलं, तुझा गोळा माझ्यावर सोड. मी काही झालो न्हाई ते न्हाई, पण तू वर्दी घालशील. एवढं एक काम मी पुरतं करणार. लिहून ठेवतोय, म्हणजे पळता येणार न्हाई.

सकाळी सगळ्यांसोबत तिलाही काट्यावर उभी केली. ती म्हणाली, दादा, माझं पण बारदान काप की, सगळ्यांचं कापतोस. मावशी दारातून ओरडली, तिचं बारदान लई जड आहे, दोन किलो काप! हसत हसत कापलं.

१२ डिसेंबर

शीतलचा गोळा रोज अलीकडं पडून राहिलाय. आल्या दिवशी पास व्हायला आखलेल्या चुन्याच्या रेघेच्या पार जात होता. आज रेघेच्या अलीकडं. मी बोललो तिला. मोबाइल बघत बसतेस, झोप न्हाई, मन न्हाई. ती मनगट चोळत राहिली. मग म्हणाली, जोर लावते दादा, पण जोर सापडतच न्हाई.

मला राग आला. राग तिच्यावर न्हाई बहुतेक. ज्याला हात लावतो ते असंच होतं. जास्तीचा सराव लावला. रोज सकाळी आधी वजन, बारदान वजा, मग गोळा.

रस्त्यात एक ट्रक उलटला, संत्री सांडली. ती गोळा करण्यात दुपार गेली. वाईट वाटायचं ते संत्री खाताना विसरलो.

१९ डिसेंबर

अनिरुद्धला नांदेडला अॅडमिट केलं. बघून आलो. काही न भरलेल्या उशीच्या अभ्र्यासारखा पडलाय. सगळ्या तपासण्या बराबर. भूक पण आहे, डबा संपवतो. बायको म्हणाली, डॉक्टर म्हणतात रोग सापडत न्हाई. त्यानं माझा हात धरला आणि हळूच म्हणाला, सर, आता बस करा. हातात हाडसुद्धा न्हाई असं वाटलं.

परत आलो तर जनकाबाई मावशी म्हणाली, तू कशाला गेला होतास नांदेडला? अनिरुद्ध तर दुपारी जिमच्या दारात उभा होता. पोट पहिल्यासारखं. मी हाक मारली तर बघितलं पण ओळख दिली न्हाई.

मी म्हणालो, मावशी, तुला चष्मा लागलाय. ती म्हणाली, लागलाय तर लागलाय, पोट दिसतं मला.

२२ डिसेंबर

वाचणाऱ्याला वेडेपणा वाटेल. वाटू दे.

आज जिम बंद होती. मी शीतलचा लोखंडी गोळा काट्यावर ठेवला. बारदान वजा म्हणालो, कमी आकडा पुकारला. मग गोळा उचलला. हलका. लोखंडाचा गोळा, कपडे न्हाईत, बूट न्हाईत, आणि हलका! पुन्हा पुकारला. अजून हलका.

मागं वळलो तर काट्याच्या पलीकडं फरशीवर एक छोटा गोळा. लिंबाएवढा. आमच्या गोळ्यावर एक खोच आहे, शीतलनं दगडावर टाकला होता तेव्हाची. तीच खोच या लिंबाएवढ्या गोळ्यावर. बारीक. बराबर तिथंच.

म्हणजे कापलेलं जात न्हाई कुठं. पलीकडं साठून राहतं. ज्याचं त्याच्या आकारात.

आणि शीतलला मी रोज सकाळी—

२३ डिसेंबर

बाबांना फोन केला. सगळं न सांगता विचारलं, चुकून जास्त बारदान कापलं तर मापाडी परत काय करतो? म्हणाले, काही करत न्हाई. एकदा पुकारलं की पुकारलं, माल परत तोलत न्हाईत. पुकारा फिरवला तर मोंढा चालायचा कसा?

मग मी विचारलं, माणसाचं बारदान किती धरायचं?

मग म्हणाले, काहून विचारतोस रे? माणसाला बारदान नसतं. पोतं वेगळं नि माल वेगळा असं माणसात काय असतं? तू माणसं तोलून राहिलास का?

मी रेंज गेली म्हणालो.

२६ डिसेंबर

शीतलला काट्यावर उभी करत न्हाई. पण आता मी न पुकारता पण उतरतंय. काल भीमसिंगनं तिला गंमत म्हणून उभी केली, मी गप्प होतो. तरी काटा एक किलो मागं सरकला. सगळ्यांसमोर. टाळ्या वाजवल्या लोकांनी.

मग उलटं करून बघितलं, बारदान धरून एक किलो जास्तीचा आकडा पुकारला. काटा हलला न्हाई. घणानं काटा फोडायला गेलो, भीमसिंग आडवा पडला. म्हणाला, धंदा बघा सर, आता कुठं चाललाय. नोकरी सोडतो म्हणालो. म्हणाला, सोडा, पण काटा चालू राहील, पुकारायला पोरं हायेत की.

काल रात्री मशीनवर कुणीतरी बसून गेलं. सीटवर घामाचा रुंद डाग. जिम बंद होती.

३० डिसेंबर

शीतलला सांगितलं. सगळं. लिंबाएवढा गोळा दाखवला.

ती चिडली. म्हणाली, दरवेळी असंच करतोस, दादा. गुडघा, निळं पाणी, आता काटा. मला न जमलं तर माझं न जमलं, त्याला भूत कशाला लावतोस? मग रडायला लागली. म्हणाली, कुरुंद्याला जाते, तिथून ग्राऊंडला जाईन. माझी मैत्रीण राणी आहे सोबत.

जीपमध्ये चढताना ड्रायव्हरनं तिला हाताला धरून वर घेतलं. लेकरासारखं. पहिल्यांदा आली तेव्हा हिच्यामुळं जीप एका बाजूला कलली म्हणून हसली होती पोरं.

जाऊ दे. गेली ते बरं झालं. काट्यापासून लांब गेली.

४ जानेवारी

अनिरुद्ध गेला.

मयतीला गेलो न्हाई. धीर झाला न्हाई. मावशी म्हणाली तिरडी उचलायला दोघेच पुरले—

आणि तो संध्याकाळी जिमच्या आरशासमोर. पोट. बूट दिसत नव्हते. मी पळालो. पाठमागनं आवाज आला न्हाई, नुसतं काट्याचं लोखंड दणकलं. कुणीतरी जड चढल्यासारखं.

५ जानेवारी

शीतल फोन उचलत न्हाई. बाबा म्हणाले सरावाला गेली. उद्या ग्राऊंड.

अनिरुद्ध दिसला ते भीमसिंगला सांगितलं. त्यानं माझ्याकडं बघितलं न्हाई. म्हणाला, मी पण बघितला त्याला. मग म्हणाला, गिऱ्हाईक आहे ते पण.

एवढंच मागतो. तिचा गोळा रेघेपर्यंत तरी. मी काही होत न्हाई, चालतं. ती—

६ जानेवारी

सकाळपासून जिमच्या बाहेर बसून आहे. आत जात न्हाई. फोन हातात.

राणीचा फोन. ऐकता ऐकता लिहितोय. म्हणते, पळण्यात शीतल पहिली आली. इतकी हलकी की मैदानावर पाय टेकत न्हाईत असं वाटलं. लोक ओरडून राहिले. मग गोळा. हातात दिला. हातच खाली गेला. गोळ्यासोबत सगळी खाली गेली.

आता तंबूत आहे. सलाइन लावलंय. शीर सापडत न्हाई नर्सला. राणी म्हणते मी तिचा हात धरून बसलेय, दादा, बोल तिच्याशी, ती ऐकून राहिली, तू फक्त—

शटर आतून वर गेलं.

मी जिम उघडली न्हाई. किल्ली माझ्याकडं आहे.

राणी म्हणते शीतल इथंच आहे, माझ्याजवळ, कुठं न्हाई गेली, ओरडतोस काहून—

दारात शीतल उभी आहे. भरल्या दंडाची. तशीच, जीप कलायची तशी. माझ्याकडं बघते पण ओळख देत न्हाई, आणि हात पुढं करून—