डॉक्टरीण म्हणते फिरा, वाघ म्हणते या

ती. गिरजाबाई,

तुह्या धाकट्या भावाचा, दादाजीचा, वाकून नमस्कार. चंद्रपूरच्या ऊर्जानगरात तू कशी हायेस, भाऊजीचा गुडघा काय म्हणते? फोन सोडून पत्र काऊन, असं म्हणशीन. बाई, मी फोन लावला का तुही भावजय कमळा स्पीकर चालू करते आन् माह्यापेक्षा जास्त तीच बोलते. पण बातमीच अशी हाये का पोटात ठरून नाई राह्यली! तुह्या भावाचा गावात सत्कार होऊन राह्यला! शाल, नारळ, माईक, सगळं!

झालं असं, आपल्या शाळेत हृदयाचं शिबिर लागलं. डॉक्टरीणबाईनं दंडाले पट्टा बांधून फुगवला आन् माह्याकडे असं पाह्यलं का मी तिच्या वावरात ढोरंच सोडली. बीपी वाढला म्हणे. खर्रा-तंबाखू बंद, लोणचं-पापड बंद, तेल-मीठ कमी, गोळी रोज, आन् सकाळी भरभर चाला. मी हो म्हणलं (हो म्हणाले काय लागते?), पण मांगं कमळा उभी होती ना! त्याच दिवशी लोणच्याची बरणी शेजारच्या बायनाबाईच्या घरी गेली. पानठेल्यावाला संघपाल तं मले पाहून तोंडच फिरवते. गोळ्या मी इमानदारीनं घेतल्या, बरं वाटलं तशा बंद केल्या (हे कमळाले माहीत नाई).

राह्यलं चालणं. डॉक्टरीण म्हणते, पहाटे फिरा. फॉरेस्टवाले गाडीले भोंगा लावून सांगते, पहाटे घराबाहेर निंगू नका, वाघ फिरून राह्यला. आता माणसानं करावं काय? मंग आपल्या गल्लीतल्या बिरजूनं तोड काढली. गावातल्या समद्या बीपीवाल्याईनं मिळून निंगाचं, समोर बिरजू तेलाचा रिकामा पिपा बडवत, मांगं आम्ही. (घरोघरी तेल कमी झाल्यानं पिपे लवकर रिकामे होत नाईत, म्हणून हा एकच जपून वापरतो.) गावातले कुत्रे पहिले भुकले, मंग तेही संगं चालाले लागले.

काल तलावाच्या पाळीवर चढलो आन् समोर साक्षात वाघ! निवांत बसला होता. बिरजूनं पिपा फेकला आन् धूम! सारे बीपीवाले असे पळाले का डॉक्टरीणबाईनं पाह्यलं असतं तं सगळ्याईच्या गोळ्या बंद केल्या असत्या. पण तुहा भाऊ? जागचा हालला नाई! बाभळीले हात टेकून उभा, वाघाच्या डोळ्यात डोळे घालून! वाघानं मले पाह्यलं, जांभई देली आन् झुडपात निंगून गेला. लोकं काठ्या घेऊन परत आले तं मी तिथीच. बिरजूनं माहे पायच धरले. सरपंचबाई म्हणे, अशी हिंमत तालुक्यात नाई. सत्काराले तू आन् भाऊजी याच, समोरची खुर्ची धरून ठेवतो.

लहानाईले आशीर्वाद, थोराईले नमस्कार.

तुहा शूर भाऊ,
दादाजी

ता. क. बाई, तुह्यासंगं खोटं लिहवत नाई. मी पळालो नाई, कारण पळताच येत नव्हतं. पाळ चढतानाच छातीवर कोणी धानाचं पोतं ठेवल्यावानी झालं, डावा हात भारी, जबडा दुखे, थंडीत घामाघूम. वाघ तं मंग दिसला. थोड्या वेळानं थांबलं. मांगच्या हप्त्यातही असंच झालतं, ग्यास समजून ओवा चावला. आपले बाबाही जाताना ग्यासच म्हणत होते. वाघाले भेलो नाई, बाई, याले लय भेलो. मले चंद्रपूरले हृदयाच्या डॉक्टरकडे ने. गावात सांगू, फॉरेस्टच्या हापिसात बयान द्याले चाललो.

आणखी ता. क. पाकीट चिकटवाले भाताचं शीत मांगाले गेलो आन् कमळानं पत्र हिसकलं. बरोबर खालूनच वाचाले लागली. पहिले रडली, मंग जे बोलली ते लिहिण्यासारखं नाई. गावातल्या कुलदीपची गाडी दारात उभी हाये, सत्कार गेला उडत, आम्ही आत्ताच चंद्रपूरच्या दवाखान्यात निंगालो. तुले फोनही तिनंच लावला, म्हंजे पत्र वायाच गेलं. तरी संगं आणतो. मले आत नेतीन तवा तू बाहेर कमळाजवळ बस आन् तिले वाघाचा भाग वाचून दाखव. तेवढाच तिनं वाचला नाई.