अनूचा आवाज पलीकडे जात नाही

७ एप्रिल, मंगळवार
केबलवाला शकील आज तिसऱ्यांदा येऊन गेला. राउटर बंद केला, दहा आकडे मोजले, चालू केला. एवढंच येतं त्याला. वर म्हणतो, "सर, लाइन ओके हाय. तुमच्या गेमच्या मशीनचाच प्रॉब्लेम हाय." पब्लिक आयपी देता का विचारलं, तर "देतो की, ऑफिसात सांगतो." आयपी म्हणजे घराचा नेटवरचा पत्ता, हे त्याला माहीत असेल तर मिशी उतरवीन.
बारा वर्षं कॉलेजची कॉम्प्युटर लॅब सांभाळतोय मी. आणि हा मला प्लग काढून लावायला शिकवतो.

८ एप्रिल, बुधवार
अनू रोज सात वाजता कन्सोल लावून तिच्या भावाबरोबर गाड्यांच्या शर्यती खेळते. बाई सदतीस वर्षांची. भाऊ श्रीनिवास, तिच्याहून पाचने मोठा. राहतो शहराच्या पूर्व भागात, इथून स्कूटरवर वीस मिनिटं. नऊ वर्षांत आमच्या दाराशी आला नाही. बहिणीनं तेलुगू घर सोडून लिंगायताशी लग्न केलं, हा अपमान अजून पचलेला नाही साहेबांना. फोनवर दोघं दोन मिनिटांत भांडतात. खेळताना भांडायला सवड नसते, म्हणून दोन महिने हेडफोन लावून हे चाललंय.
आता खालच्या मजल्यावर बसूनं पण कन्सोल आणला. बसू म्हणजे माझा धाकटा भाऊ, वय तीस, उद्योग शून्य. त्याचा लागला की अनूचा आवाज पलीकडे जात नाही. पडद्यावर येतं, 'नॅट स्ट्रिक्ट'. म्हणजे बाहेरून येणाऱ्याला राउटरनं दारातच अडवलंय.
"अडवलं तर बरंच की," म्हणालो मी. अनूनं ताट वाढलं नि आत गेली.

९ एप्रिल, गुरुवार
राउटरचं फर्मवेअरच बदलतो. कंपनीनं आत घातलेली सिस्टीम काढायची, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली मोकळी सिस्टीम घालायची. मग दोन्ही कन्सोलना आपापली वाट नेमून देता येते.
यावरचे व्हिडिओ पाहिले. टोपी उलटी घातलेला एक प्राणी पहिली सहा मिनिटं 'चॅनेलला सपोर्ट करा' म्हणतो, सातव्या मिनिटाला चुकीचं बटण दाबतो. खाली दोनशे लोक 'थँक यू सर'.

१२ एप्रिल, रविवार
झालं! फाइल चढवली, चार मिनिटं दिवे लुकलुकले, राउटर नव्या अवतारात उठला. केबलच्या डब्याला ब्रिजवर टाकायला शकीलला बोलावलं होतं. म्हणजे त्याच्या डब्यानं फक्त लाइन पुढे द्यायची, अक्कल माझ्या राउटरनं चालवायची. पब्लिक आयपी मात्र आणला त्यानं. ऑफिसात कुणीतरी शहाणा असणार.
जाताना म्हणतो, "सर, जुनी सेटिंग कुटं तर उतरवून ठेवा. हे कधी बसलं तर लागतीय."
"मला शिकवू नको," म्हणालो. "आणि आता या घरात तुझं काही काम नाही. परत पाऊल ठेवू नको." जरा जोरात गेलं. तो "बरं सर" म्हणाला. चहा तसाच ठेवून गेला.
सात वाजता दोन्ही कन्सोलवर 'नॅट ओपन'. अनू मोठ्यानं हसली. हेडफोनमधून श्रीनिवास ऐकू येत होता, "आज साफ येतंय गं. कुणी केलं?" "यानंच." मग "बरं." नऊ वर्षांत मला उद्देशून पहिला शब्द. धन्य झालो.

१५ एप्रिल, बुधवार
अनूचं आज कशातच लक्ष नाही. डाळीत दोनदा मीठ. विचारलं तेव्हा सांगितलं. शनिवारी सात वाजता तिचे वडील श्रीनिवासच्या शेजारी बसणार आहेत. फोनवर बोलणार नाही म्हणतात, हिनं घरी जायचं नाही, त्यांनी इकडे यायचं नाही. पण मुलगा खेळताना बाजूला बसायला कुणाची हरकत? हेडफोन काढून आवाज टीव्हीवर टाकायचा. तिचं बोलणं कानावर पडेल. बोलावंसं वाटलं तर बोलतील.
जन्मभर टॉवेलच्या कारखान्यात शंभर माणसांवर ओरडले, आणि मुलीशी बोलायला एवढी नाटकं. असं मी म्हणणार होतो. तिचा चेहरा बघून गिळलं.

१८ एप्रिल, शनिवार
लिहितोय, कारण अनूच्या समोर बसवत नाही.
सगळं नीट चाललं होतं. पण परवा वाचलं की त्या मोकळ्या सिस्टीमच्या नवीन आवृत्तीत आवाज अजून स्वच्छ जातो. म्हटलं, सासऱ्यांना एक शब्द तुटका ऐकू येता कामा नये. जावई काय चीज आहे कळू दे. दुपारी बारा वाजता नवी फाइल चढवली. दिवे लागले, विझले, मग एकच लाल. पंधरा मिनिटं. अर्धा तास. राउटर उलटा करून लेबल वाचलं. आमचं मॉडेल दुसऱ्या आवृत्तीचं. फाइल तिसऱ्या आवृत्तीची. पोरांना लॅबमध्ये याच गोष्टीवरून मी वर्गाबाहेर काढतो.
केबलचा डबा ब्रिजवर. तो पूर्ववत करायचा पासवर्ड शकीलकडे. चार फोन केले. उचलला नाही. का उचलावा?
मोबाइलचा हॉटस्पॉट लावला. पुन्हा 'नॅट स्ट्रिक्ट'. सात वाजता अनू इस्त्रीची साडी नेसून पडद्यासमोर बसली. साडी कुणाला दिसणार होती, देव जाणे. श्रीनिवासची गाडी पडद्यावर दिसत होती, रेषेवर उभी. ही बोलत होती, "अण्णा, ऐकू येतंय? बाबा आहेत? बाबा?" तिकडे काही जात नव्हतं. फोनही लावला, पण खेळायला बसला की तो फोन बघत नाही.
सात पस्तीसला त्याची गाडी गेली. मग मेसेज आला. 'बाबा अर्धा तास बसले. उठताना म्हणाले, तिला बोलायचं नाही तर जबरदस्ती नको.'
तिनं लिहिलं, नेट बिघडलंय. उत्तर आलं, 'सांगतो.' बस.
माझ्यावर ओरडली असती तर सोसलं असतं.

१९ एप्रिल, रविवार
सकाळी बसू दिसला नाही. झोपला असेल म्हटलं. दहा वाजता गाडीवर मागे शकीलला घेऊन आला. कुंभारीला त्याच्या घरी जाऊन आणलं. बसूनं. ज्याला मी कालपर्यंत गॅसचा नंबर लावायला पण पाठवत नव्हतो.
शकील माझ्याकडे न बघता कामाला लागला. आधी त्याचा डबा पूर्ववत केला. मग माझा राउटर हातात घेतला, लेबल वाचलं. आधी लेबल वाचलं त्यानं. पेनच्या रिफिलनं मागचं बटण दाबून धरून प्लग लावला, लॅपटॉपची वायर जोडली. "आमच्याकडं म्हयन्याला दोन येतात असले. सगळे शिकलेल्यांचेच." वीस मिनिटांत राउटर जिवंत.
माफ कर म्हणायचं होतं. तोंडातून आलं, "चहा घेणार?"
"त्या दिवशीचा राह्यलाय की," म्हणाला. बसू हसला. मीही हसलो असतो, पण अनू दारात उभी होती आणि ती हसत नव्हती.

२२ एप्रिल, बुधवार
तीन दिवस आवाज एकदम साफ. तिकडे फक्त श्रीनिवास. "बाबा?" ती विचारते. "बघू," तो म्हणतो.
आज तिच्या डोक्यावरचा हेडफोन काढून मी घातला. काय बोलायचं ठरवलं नव्हतं. "मी बोलतोय. शनिवारी ती गप्प नव्हती. मशीन मी बिघडवलं. तुमच्या वडलांना सांगा, चूक माझी आहे."
मग, "तुम्ही कॉम्प्युटरच्या लॅबमध्ये आहात ना?"
"हो."
"मग?"
हेडफोन काढून दिला. माणूस तुसडाच आहे. पण प्रश्न बरोबर होता.
अनूनं जेवताना मला दुसऱ्यांदा भाजी वाढली. शनिवारनंतर पहिल्यांदा.

२३ एप्रिल, गुरुवार
लॅबमध्ये एका पोरानं चुकीचा ड्रायव्हर टाकून मशीन बंद पाडलं. बाहेर काढायला तोंड उघडलं आणि मिटलं. शेजारी बसून दाखवलं. तो घाबरून माझ्याकडेच बघत होता, पडद्याकडे नाही. मूर्ख आहे. पण असो.

२५ एप्रिल, शनिवार
ऊन असं की पंखा गरम हवा ढकलतो. साडेसहालाच कन्सोल वाजला. श्रीनिवासचं बोलावणं, अर्धा तास आधी. अनू मोरीत कपडे पिळत होती. मी हेडफोन कानाला लावला. म्हटलं, सात वाजता ये म्हणून सांगावं.
पलीकडे खोकला. श्रीनिवासचा नव्हे. खाटेचा करकर आवाज. मग जड, म्हातारा आवाज. "एवरू?"
एवढं तेलुगू मला येतं. कोण, म्हणून विचारत होते.
नऊ वर्षं या माणसाला काय काय सुनवायचं ते मी मनात तयार ठेवलंय. सगळं पाठ आहे. त्यातलं एकही वाक्य आलं नाही. "मी... ती आहे. हितंच आहे. थांबा, बोलावतो. बंद करू नका."
बंद केलं नाही त्यांनी. श्वास ऐकू येत होता.
अनूला हाक मारली. ओल्या हातानंच आली. माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. मी हेडफोन तिच्या डोक्यावर ठेवला, खोलीचं दार ओढून घेतलं आणि जिन्यात येऊन बसलो. बसूला खालीच थांब म्हटलं.
वीस मिनिटं झाली. आतून अनूचा आवाज नाही. रडण्याचाही नाही. म्हणजे तेच बोलत असणार. राउटरचे चारही दिवे हिरवे आहेत, दोनदा उठून बघितले.