पाच गोळ्यांची सही

अजमान,
१६ नोव्हेंबर २०२४

प्रिय ओवेस,

सलाम आणि दुआ. आम्ही सगळे खुशाल आहोत. भाभीने अम्मासाठी खजूर दिलेत. तिचा भाऊ रत्नागिरीला निघालाय, त्याच्याच बॅगेतून हे पत्र पाठवतोय. दहा दिवस तू फोन उचलत नाहीस, मग दुसरं काय करू?

तुझा भयंकर राग आलाय मला. सात वर्षं शिकारीच्या बंदुका विकल्यास आणि एवढं कळू नये? शम्मा बावीस वर्षांची, अंगाने काडी. वडिलांबरोबर किर्गिझस्तानच्या डोंगरात चढायचं म्हणून तिला हलकी रायफल हवी होती. अडीच किलोची दिलीस, ते ठीक. पण जास्त दारूच्या मॅग्नम काडतुसाची? वडील म्हणाले, "हबीबी, सबसे पॉवरवाला दो," आणि तू मान डोलावलीस! बंदूक हलकी असली की धक्का खांद्याला जास्त बसतो, हे पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं तुला. रानबकऱ्याच्या शिकारीला कमी धक्क्याची सिक्स पॉइंट फाइव्ह पुरेशी होती.

खांद्याला टेकायचा दस्ताही तिच्या हाताला लांब. बिचारीने मान पुढे काढून डोळा रायफलवरच्या दुर्बिणीला लावला. पहिल्याच गोळीला दुर्बीण भुवईत घुसली. पाच टाके पडले. आता दार आपटलं तरी ती दचकते म्हणे.

आणि त्याहून जास्त राग कशाचा, सांगू? आपल्या शेठने, अबरारसाहेबांनी, "टेस्ट किसने किया?" विचारलं, तेव्हा "मैंने. भाई ने सिर्फ साइन किया," असं सांगायला तुला कोणी सांगितलं होतं? नोकरी घालवून गावी जाऊन बसलास!

टेस्ट माझी होती. रजिस्टरमध्ये "पाच गोळ्या झाडून तपासली" असं माझ्या हाताने लिहिलंय. एकही झाडली नव्हती. धक्के खाऊन खाऊन दोन वर्षांपासून माझा उजवा खांदा गेलाय. घोडा ओढायच्या आधीच डोळे मिटतात. तुला हे माहीत होतं, आणि मी तुझ्यामागे लपलो. एक गोळी जरी झाडली असती, तर ती रायफल तिच्या हाती जाऊ दिली नसती.

आज सकाळी रजिस्टर अबरारसाहेबांसमोर ठेवलं आणि सगळं सांगितलं. रजिस्टर मिटून ते म्हणाले, "खलास, अन्वरभाई. ओवेस को बुला लो." म्हणजे माझं काम संपलं, तुझं परत सुरू.

तेव्हा ये. शम्माला नवी रायफल दे, दस्ता मापून. आधी महिनाभर रिकाम्या बंदुकीचा घोडा ओढू दे. तिचे डोळे उघडे राहतात का, तेवढं बघ.

एकही गोळी न झाडता सही करणारा
तुझा भाऊ
अन्वर