पुडी नारिंगी झाली त्याची हकिकत

तीर्थरूप मामांना,

पाठ जेवढी वाकते तेवढी वाकवून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे, मामींची कणकण गेली का आणि तुमचा अकीक दगडाचा खल सापडला का, हे तिन्ही कळवावे. (खलाचं शेवटी विचारलं म्हणून काळजी कमी आहे असं समजू नये.) मी बरा आहे. नोकरीही आहे. मंगळवारी दुपारी सव्वाबारा ते साडेचार एवढा वेळ ती गेली असंच मी धरून चाललो होतो, पण ते क्रमाने सांगतो, नाहीतर तुम्ही अर्धंच वाचून आईला फोन कराल.

इथे प्रयोगशाळेत माझं काम काचेची भांडी धुण्याचं आणि बाटल्यांना चिठ्ठ्या लावण्याचं. ज्या बाईंच्या हाताखाली मी आहे, त्या प्लॅटिनमपासून उजेड देणारे पदार्थ बनवतात. (दागिन्यातलं असतं तेच प्लॅटिनम, पण इथे ते पुडीत असतं आणि कुणी गळ्यात घालत नाही.) अंधाऱ्या खोलीत जांभळा दिवा धरला की पुडी हिरवी उजळते. दोन महिने खपून बाईंनी अशी चिमूटभर पूड केली होती (मी तिला औषधासारखी पुडीच म्हणतो) आणि मंगळवारी चार वाजता मोठ्या यंत्रावर तिचा उजेड मोजायचा होता. ही वेळ चुकली की पुढची तीन महिन्यांनी. सकाळी बाई मला म्हणाल्या, ही पुडी छोट्या बाटलीत भरून ठेव. एवढंच. त्यात घोटण्याचा शब्द नव्हता, हे मी नंतर सतरा वेळा आठवून पाहिलं.

आता मामा, चूक माझी, पण सवय तुमची. पुडीत मला खडे दिसले. सुईच्या टोकाएवढे, पण खडे. नववीतून शाळा सुटल्यावर दोन वर्षं मी तुमच्या हाताखाली औषधं घोटली. चिमटीत कण लागला की तुम्ही पुडी परत खलात ओतायचात आणि दिवसभर माझ्याशी बोलायचा नाहीत. ते आठवलं आणि हात आपोआप चालू लागला. तीनदा धुतलेल्या खलात वीस मिनिटं घोटली. अशी मऊ झाली की तुम्ही माझ्याशी आठवडाभर बोलला असतात. मग कौतुकाने दिव्याखाली धरली, तर पुडी विझत आलेल्या निखाऱ्यासारखी नारिंगी. मी दिव्याची काच पुसली, माझा चष्मा पुसला, तोंड धुऊन आलो. नारिंगीच.

दिव्यावर ढकलता आलं असतं. पण मी सांगायचं ठरवलं. बाई डबा खात होत्या. पहिल्यांदा दारात जाऊन पाणी हवं का एवढंच विचारून परतलो, दुसऱ्यांदा पंखा वाढवला, तिसऱ्यांदा कमी केला. चौथ्यांदा दाराची कडी धरून उभा राहिलो.

"बाई, पुडी मी घोटली. वीस मिनिटं."

त्यांनी चमचा खाली ठेवला. "का?"

"खडे होते."

"ते खडे करायलाच मला दोन महिने लागले."

मी कडी सोडून दोन पावलं मागे सरलो. पण बाई चिडायच्या आधी विचार करतात (तुमच्या उलट, रागावू नये). त्यांनी सांगितलं ते मी माझ्या भाषेत लिहितो. या पदार्थाचे अगदी बारीक कण ताटलीसारखे चपटे असतात. दवाखान्याच्या बाकावर पेशंट लांब लांब बसले तर प्रत्येक जण आपापला खोकतो, पण खांद्याला खांदा लागला की सगळ्या बाकाचा मिळून एक वेगळाच सूर निघतो. तसंच हे. खड्यात ताटल्या अंतर राखून होत्या तेव्हा उजेड हिरवा. मी घोटून त्या एकमेकींवर दाबल्या, प्लॅटिनमशी प्लॅटिनम भिडलं आणि सगळ्यांचा मिळून उजेड नारिंगी झाला. म्हणजे पुडी मेली नव्हती, तिच्यात गर्दी झाली होती.

मग बाईंनी पुडी बरणीत ठेवली, शेजारी उडून जाणाऱ्या द्रवाचे चार थेंब ठेवले आणि झाकण लावलं. वाफ आत शिरली की कण पुन्हा सरकून बसण्याची आशा होती, खात्री नव्हती. झाकण उघडू नकोस म्हणाल्या. मी दोनदाच उघडलं. साडेतीनला पुडी हिरवी झाली, फक्त एका कडेला नारिंगी राहिली. चारला यंत्राने कागदावर दोन उंचवटे काढले, एक हिरव्याचा, एक नारिंगीचा. बाईंनी दोन्हींवर पेन्सिलीने खूण केली. मी मनात सामान बांधत होतो. मग म्हणाल्या, "उद्या पुन्हा घोट. अगदी तसंच."

आता घोटणं आणि वाफ देणं, दोन्ही त्यांना शोधनिबंधात लिहायचं आहे (घोटून रंग बदलणं हाच शोध निघाला) आणि दर वेळी तोच रंग यायला हवा. इथल्या खलात बाईंच्या वरच्या सरांनी घोटून पाहिलं, पुडी डागाडागांची झाली. माझी एकसारखी होते. म्हणून कामाच्या तक्त्यात माझ्यासमोर 'घोटणे' असं लिहिलं आहे (शुद्ध लिहिलं आहे, मी तपासलं). मीही पक्कं ठरवलं आहे, चूक झाली की त्याच दिवशी सांगायची.

आपला आज्ञाधारक भाचा

ता. क. तुमचा खल माझ्याकडे आहे. चार महिने झाले. (वरचा नियम मंगळवारपासून लागू आहे.) रंग त्याच खलात नीट येतो, तेव्हा काम संपेपर्यंत तो इथेच राहू द्यावा. खल गेला तर तक्त्यातली ओळ जाईल आणि मी परत भांड्यांवर येईन.

ता. क. दुसरा. मामींनी खल भंगारात दिला असं तुम्ही घरभर सांगत आहात, ते मागे घ्यावं.

ता. क. तिसरा. माफी मागायची मात्र घाई करू नये. माझी पिशवी त्यांनीच भरली होती, खलासकट. म्हणाल्या, घोटणं थांबलं तर निदान सकाळी तरी घरात जरा शांतता.